नाडीचा आकडा लिहिला, पुढे काय?

संपादक महोदय,

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या गावाचे रुग्णसेवेशी नाते जडले आहे आणि आज परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी सीमाभागातूनही मुलेमुली सांगली-मिरजेत येतात. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, ड्रेसिंग करणे ही कामे त्यांना बऱ्यापैकी शिकवली जातात. मात्र समोरच्या लक्षणांचा एकमेकांशी संबंध लावून रुग्ण कोणत्या दिशेने चालला आहे हे ओळखण्याचे, म्हणजे क्लिनिकल रीझनिंगचे, शिक्षण फार तोकडे पडते, असे हा विषय शिकवण्यात नोकरी घालवल्यानंतरचे माझे मत आहे.

डेंग्यूचेच उदाहरण घ्या. आजाराच्या पाचव्या दिवशी ताप ९८.६ वर येतो, विद्यार्थिनी टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वसन यांच्या नोंदतक्त्यावर) तो आकडा लिहिते आणि ‘आता उतार पडला’ असे नातेवाइकांना सांगते. त्याच चार्टवर नाडी ११८ आणि रक्तदाब १००/८० असतो. तिन्ही नोंदी तिनेच घेतलेल्या आणि तिन्ही अचूक. परंतु डेंग्यूमध्ये साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि रक्तदाबाच्या दोन आकड्यांतील अंतर २० पर्यंत येणे ही शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण कोसळू लागल्याची, खूण असते. हे तिने वर्गात वाचलेले असते, परीक्षेत लिहिलेलेही असते. तरीही हातपाय गार पडले आहेत का, पोट दुखते का, रात्रीपासून लघवी किती झाली, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) कालच्यापेक्षा वाढले का, हे प्रश्न तिला खाटेपाशी सुचत नाहीत, कारण तेथे ते तिला कोणी विचारलेलेच नसतात.

ऊसतोडीच्या हंगामात कोपीत जमिनीवर झोपलेला मजूर पहाटे पोटदुखी आणि उलट्या घेऊन कॅज्युअल्टीत येतो, तेव्हाही हेच. त्याला रात्री झोपेत मण्यार हा विषारी साप चावलेला असू शकतो. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही, व्रण शोधून सापडेलच असे नाही. अशा वेळी पापण्या जड होत आहेत का, गिळताना त्रास होतो का, हे पाहणे परिचारिकेच्या कामातच मोडते. श्वसनाच्या रकान्याबद्दल तर न बोललेले बरे. प्रकृती ढासळू लागली की पुष्कळदा श्वासाची गती सर्वांत आधी बदलते, पण कित्येक चार्टवर वॉर्डातील झाडून सारे रुग्ण मिनिटाला २० श्वास घेताना आढळतील!

दोष विद्यार्थ्यांचा नाही. लॉगबुकात किती प्रोसिजर भरल्या यावर पोस्टिंग पूर्ण झाल्याचे ठरते, केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचे लेखी आराखडे) आधीच्या बॅचच्या फायलींतून उतरतात आणि अपुऱ्या कर्मचाऱ्यांमुळे विद्यार्थी वॉर्डातील कामाला जुंपले जातात. त्यातून एखादीने शंका काढलीच, तर ‘सांगितले तेवढे कर’ हे उत्तर ठरलेले. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष कागदावर पाळला जातो. तो शिक्षक वॉर्डात किती वेळ उभा असतो, हे तपासणीत कोण पाहते?

परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम क्षमताधारित केला आणि त्यात सिम्युलेशनला, म्हणजे पुतळ्यावर किंवा कृत्रिम प्रसंगातून करायच्या सरावाला, स्थान दिले, हे स्वागतार्ह आहे. तथापि महागडा पुतळा आणून तो तपासणीच्या दिवसापुरता झाकणाबाहेर काढला, तर उपयोग शून्य. अमेरिकेतील परिचर्या शिक्षिका क्रिस्टीन टॅनर यांनी परिचारिकेच्या निर्णयप्रक्रियेविषयी २००६ मध्ये मांडलेल्या प्रारूपात लक्ष वेधले जाणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि नंतर त्या कृतीकडे मागे वळून पाहणे असे चार टप्पे आहेत. आपल्याकडे पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली जाते आणि चौथ्याला वेळच नसतो. रोजच्या ड्यूटीनंतर अर्धा तास, एकच रुग्ण घेऊन, ‘तुला काय दिसले, त्यावरून काय वाटले, आणखी काय असू शकले असते’ एवढी चर्चा शिक्षकाने केली तर त्यासाठी कोणत्याही यंत्रसामग्रीची गरज नाही.

परीक्षा बदलल्याशिवाय मात्र शिकवणे बदलणार नाही, हा अनुभव आहे. म्हणून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत असा एक प्रसंग सक्तीचा करावा, ज्यात परीक्षक रुग्णाची नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण मध्येच बदलून सांगेल आणि आता प्रथम काय करशील, डॉक्टरांना फोनवर नेमके काय सांगशील आणि का, यावर गुण देईल.

— एक निवृत्त परिचर्या शिक्षिका, मिरज (जि. सांगली)