ट्रामच्या आठवणींतून आगारे का वगळता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील ट्रामवरचा पानभर लेख वाचला. अशा विषयाला आपण जागा दिलीत याबद्दल आभार मानणे हा शिष्टाचार आहे आणि तो मी येथेच पाळून मोकळा होतो, कारण पुढील मजकुरात आभारांची संधी फारशी येणार नाही.

प्रथम छायाचित्राविषयी. ‘मुंबईची ट्राम’ अशी ओळ खाली देऊन आपण जे चित्र छापले आहे, त्यात ट्रामच्या पाठीमागे हावड्याचा पूल अगदी स्पष्ट दिसतो. मुंबईची ट्राम कुलाब्याहून दादरपर्यंत जात असे हे मी लहानपणी पाहिले आहे. ती हुगळी नदीपर्यंत जात असल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही. आपल्या कचेरीत चित्रांची निवड करणाऱ्या व्यक्तीने ट्राम पाहिलेली नसणे समजण्यासारखे आहे, पण हावड्याचा पूलही पाहिलेला नसावा, हे जरा जास्तच झाले.

लेखकाने १८७४ मध्ये मुंबईत ‘विजेची ट्राम अवतरली’ असे लिहिले आहे. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या मार्गांवर जी ट्राम सुरू झाली ती घोड्यांची होती. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ रोजी. मधली ३३ वर्षे आपल्या लेखकाने एका वाक्यात गिळून टाकली, ती घोड्यांनी अक्षरशः ओढून काढली होती. आरंभी २० गाड्या होत्या आणि घोडे होते २००. गाडीला एक किंवा दोन घोडे जुंपत असत. मग उरलेले घोडे कोठे होते, असा प्रश्न लेख लिहिताना पडायला हरकत नव्हती. ते तबेल्यात होते. मुंबईच्या उन्हात घोडा दिवसभर गाडी ओढू शकत नाही, काही तासांनी तो बदलावा लागतो, आणि त्यामुळे रस्त्यावर दिसणाऱ्या एका जोडीमागे दाणावैरण खाणाऱ्या, नाल ठोकून घेणाऱ्या, आजारी पडणाऱ्या आणि विश्रांती घेणाऱ्या कित्येक घोड्यांची सोय पडद्याआड करावी लागत असे. १९०५ मध्ये ही कंपनी विकली गेली तेव्हा घोड्यांची संख्या १,३६० झाली होती. एवढ्या घोड्यांचा चारा, पाणी आणि लीद यांची व्यवस्था करणारी जागा म्हणजे या शहरातले ट्रामचे पहिले आगार. त्याविषयी लेखात एक शब्द नाही.

पुढे वीज आली तरी हाच प्रकार. वाडीबंदरला वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले, ते ट्राम चालावी म्हणून. हे केंद्र, गाड्या धुण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या जागा, तेथे राबणारी माणसे, यांना वगळून आपला लेख थेट ३१ मार्च १९६४ च्या रात्री, बोरीबंदरहून दादरला निघालेल्या शेवटच्या ट्रामवर जाऊन बसतो आणि तेथून उतरायला तयार होत नाही. लेखाचा निम्म्याहून अधिक भाग त्या एका फेरीला दिलेला आहे. लोकांनी केलेली गर्दी, टाटा करणारे हात, डोळ्यांच्या ओलावलेल्या कडा, सगळे आले. ती ट्राम दादरला पोहोचल्यावर तिचे काय झाले, ती कोणी आत घेतली, तिची वीज कोणी तोडली आणि ती भंगारात कशी गेली, हे मात्र कोणी सांगत नाही. आपल्याकडे ट्रामवर जे काही लिहिले जाते ते प्रवाशाच्या बाकावर बसून लिहिलेले असते, अशी माझी जुनी तक्रार आहे.

माझे वडील ट्राम आगारात फिटर होते. वर्षानुवर्षे रात्रपाळी केली. दिवसा ते झोपलेले असत म्हणून आम्हा भावंडांना घरात मोठ्याने बोलण्याची बंदी होती आणि रविवारी मात्र ते आम्हाला हौसेने ट्राममध्ये बसवून फिरवत. फिरवत म्हणजे आम्ही खिडकीबाहेर पाहायचो आणि ते खाली मान घालून गाडीचा आवाज ऐकायचे. पावसाळ्यात ओल्या रुळावर ब्रेक जोरात लावला की चाक फिरायचे थांबते, पण गाडी थांबत नाही, ती तशीच घसरत जाते, आणि चाकाची रुळाला टेकलेली जागा घासून चपटी होते. दुसऱ्या दिवसापासून ती गाडी ठकठक करत धावते. आपल्या लेखकाने ज्या ‘लयबद्ध ठेक्या’ची आठवण एवढ्या जिव्हाळ्याने काढली आहे, तो ठेका कधी रुळाच्या सांध्याचा असेल, पण पुष्कळदा अशा चपट्या चाकाचाच असे. लेखकाच्या कानाला जे संगीत वाटले, ते ऐकून वडिलांचे तोंड कडू होई आणि गाडीचा क्रमांक ते तेथेच तिकिटाच्या पाठीवर टिपून घेत.

चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडावी लागे. ही वाळू कोरडी ठणठणीत हवी, ओली झाली की नळीतच बसते आणि ऐन वेळी दगा देते. म्हणजे जुलैच्या धो धो पावसात, सगळे शहर ओलेचिंब असताना, आगारात रात्री वाळू भाजून कोरडी करण्याचे काम चाले. सकाळी बोरीबंदरला वेळेवर पोहोचलेल्या कारकुनाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. इतिहास लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

आता मूळ दुखण्यावर येतो. वडिलांची कामाची एक वही माझ्याकडे आहे. प्रत्येक पानावर वर उजवीकडे गाडीचा क्रमांक, खाली चारही चाकांची मापे इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत, आणि शेवटी एखादाच शब्द, ‘घासले’, ‘बदलले’, किंवा शंका असेल तर ‘बघावे’. वहीच्या कडांना ग्रीसचे डाग आहेत. काही वर्षांपूर्वी शहराच्या जुन्या वाहतुकीवर एक प्रदर्शन भरणार होते आणि त्यासाठी नागरिकांनी आपल्या संग्रहातील वस्तू द्याव्यात असे आवाहन छापून आले होते. आयोजकांचे नाव येथे घेत नाही. वही आणि ट्रामचा वेग कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरचे पितळी हँडल घेऊन मी गेलो. हँडल हातात घेऊन तेथील गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हे तुमच्याकडे आले कसे, याचा काही कागद आहे का?’ गाड्या भंगारात निघाल्या तेव्हा आगारातल्या कोणी ना कोणी असे काहीबाही आठवण म्हणून ठेवून घेतले, हे त्यांना सांगून उपयोग झाला नाही. हँडल मी परत पिशवीत घातले. वहीला कागद लागत नव्हता, ती त्यांनी ठेवून घेतली.

प्रदर्शन पाहायला मुलाला आणि नातवाला घेऊन गेलो. वही काचेखाली मांडली होती आणि वर सुबक अक्षरांत पाटी होती, ‘ट्राम ड्रायव्हरची रोजनिशी’. उघडे ठेवलेले पान चाकांच्या मापांचे होते! ड्रायव्हरने रोज रात्री घरी जाऊन चाके मोजली असावीत, असा कोणाचा समज झाला असेल तर न कळे. पाटी दुरुस्त करावी अशी विनंती मी केली, तेव्हा तेथील बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले, ‘काका, लोकांना ड्रायव्हर म्हटले की लगेच समजते. फिटर म्हटले की समजावून सांगावे लागते.’ मग सांगा ना समजावून, प्रदर्शन दुसरे कशासाठी भरवतात? पाटी शेवटपर्यंत बदलली गेली नाही. वही परत मिळाली ती कण्यावर चिकटपट्टी लावून, आणि आत कोणीतरी पेन्सिलीने पृष्ठक्रमांक टाकलेले होते.

ही घटना मी केवळ मन मोकळे करण्यासाठी लिहिलेली नाही (थोडी त्यासाठीही लिहिली आहे). कालच्या लेखात त्याच पाटीची पुनरावृत्ती झाली आहे. २०१७ मध्ये हुतात्मा चौकात खोदकाम करताना जुने रूळ सापडले तेव्हा सर्व वर्तमानपत्रांनी मोठ्या कौतुकाने त्यांची छायाचित्रे छापली. रूळ दिसतात, त्यांच्याजवळ उभे राहून फोटो काढता येतो. पण ट्रामची व्यवस्था रुळांवर उभी नसते, ती आगारावर उभी असते. शहराच्या मध्यभागी मोठी मोकळी जागा, तिच्यात गाड्या रात्री उभ्या राहण्याची सोय, खाली उतरून चाके तपासण्याचे खड्डे, सुटे भाग आणि ते बसवू शकणारी माणसे असतील तरच दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर पडते. ही जागा पुढे शहरातली सर्वांत महागडी जमीन होऊन बसते आणि मग तिच्यावर सर्वांचा डोळा जातो. कोलकात्यात ट्रामच्या आगारांच्या जमिनींचे काय झाले ते पाहावे. आगार गेले की रूळ रस्त्यात असून उपयोगाचे राहत नाहीत. आपल्या शहरात बसच्या आगारांवर इमारती बांधण्याच्या योजना आपल्याच पहिल्या पानावर येत असतात आणि पुरवणीत मात्र आपण ट्राम गेल्याबद्दल अश्रू ढाळता. ही दोन पाने एकमेकांशी बोलत नाहीत असे दिसते.

परदेशाचे दाखले देण्याची मला आवड नाही, पण मेलबर्नमध्ये हॉथॉर्न येथील जुन्या ट्राम आगारातच ट्रामचे संग्रहालय आहे, लिस्बनमध्येही सांतो अमारो आगारात आहे. गाडी पाहायला आलेला माणूस तेथे ती जिथे रात्री उभी राहत असे तीच जागा पाहतो. आपल्याकडे वडाळ्याजवळ आणिक आगारात बेस्टचे संग्रहालय आहे आणि ते एका चालत्या आगारात आहे हीच त्याची सर्वांत चांगली गोष्ट आहे. आपल्या लेखकाला तेथे पाठवण्याचा खर्च फार येणार नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. छायाचित्राची आणि १८७४ च्या विजेची दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत न छापता पुरवणीतच छापावी. आणि आगारात काम केलेल्यांची मुले-नातवंडे अजून या शहरात आहेत, त्यांच्या माळ्यांवर अशा वह्या, हजेरीची पुस्तके आणि पगाराच्या चिठ्ठ्या पडून आहेत. त्यांना आपल्या वर्तमानपत्रातून आवाहन करावे. वस्तूचा कागद मागू नये. मापांच्या नोंदी कोणाच्या आहेत हे वही आणणाऱ्याला विचारावे आणि तो सांगेल तेच छापावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
दादर (पूर्व)

ता. क. : हुतात्मा चौकातील रुळांविषयी मी त्या वेळी पाठवलेले पत्र आपण निम्मे कापून छापले होते. ‘ट्राम पुन्हा सुरू करा असे मी म्हणत नाही’ या वाक्यातील शेवटचे चार शब्द जागेअभावी गेले आणि त्यानंतर महिनाभर शेजारीपाजारी मला ट्राम कधी सुरू होणार ते विचारत होते. हे पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. कापायचेच असेल तर लिस्बन आणि मेलबर्न कापावे.