‘विकायला कधी लावणार?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी केक, पाव भाजण्याविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून येणारा मजकूर मी आवडीने वाचतो. मात्र त्यातील बहुतेक लेख शेवटी ‘घरबसल्या कमाई’ याच मुक्कामाला येऊन थांबतात, याकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते.

निवृत्तीनंतर मी घरी पाव भाजू लागलो. आमच्या बेळगाव जिल्ह्यात खपली गहू पिकतो, तेव्हा त्याच्याच पिठाचा पाव करून पाहावा असे मनात आले. पहिला पाव विटेसारखा निघाला. खपलीचा चिकटपणा साध्या गव्हासारखा ताणला जात नाही आणि त्यामुळे यीस्टमुळे तयार होणारा वायू पिठात टिकत नाही, हे उमगेपर्यंत चार पाव शेजारच्या गोठ्यात गेले (म्हशींची तक्रार नव्हती). पुढे निम्मे पीठ साध्या गव्हाचे घेतले, मळणे कमी केले, गोळा सैल ठेवून साच्यात घातला, तेव्हा कुठे पाव फुगला. आषाढात गणित पुन्हा बिघडले, कारण दमट हवेत पीठच ओलावा धरून बसते आणि पाणी मोजून घातले तरी गोळा हाताला चिकटत राहतो. अशा चुकांचा माग काढण्यात जो आनंद मिळाला, तो उभ्या नोकरीतल्या खर्डेघाशीत क्वचितच मिळाला होता.

परिचितांचे प्रश्न मात्र दोनच असतात. ‘घरात वहिनी असताना तुम्ही कशाला?’ या पहिल्याला पत्नीनेच परस्पर उत्तर दिले, ‘मिळालेली सुट्टी मोडू नका.’ पण त्यावरून मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. मळून मुरवलेल्या कणकेत पिठीसाखर, तूप, खसखस भरून ती दोन्ही हातांवर झुलवत पातळ करायची आणि पालथ्या तापल्या कढईवर न फाटता टाकायची, हे मांड्याचे कसब माझ्या पावाहून कितीतरी अवघड आहे. तरी माझ्या पावाला ‘कला’ म्हणतात आणि तिचे मांडे मात्र लग्नकार्यातली ‘रीत’ ठरतात.

दुसरा प्रश्न म्हणजे, ‘विकायला कधी लावणार?’ विकण्याला माझा विरोध नाही; बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट दुकानांमुळेच दूरवर पोहोचले. परंतु गिऱ्हाईक आले की दररोज तोच पाव, त्याच चवीचा द्यावा लागतो, आणि बिघडण्याची मुभा संपते. मला ती मुभाच हवी आहे.

म्हणून विनंती अशी, की पुरवणीत पाककृतींसोबत वाचकांचे फसलेले प्रयोगही, ते का फसले याच्या कारणांसह, छापावेत. माझ्या पहिल्या चार पावांची टिपणे मी जपून ठेवली आहेत. सांगाल तेव्हा पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त वाचक, शहापूर, बेळगाव