बायोस अद्ययावत करताना वीज आणि ड्राइव्ह मोड सांभाळा

मा. संपादक,
मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या) चिपवर नवी आवृत्ती लिहिली जात असताना वीज गेली, तर मदरबोर्ड सुरूच न होण्याचा धोका असतो. म्हणून शाळांनी व दुरुस्ती दुकानांनी यूपीएसशिवाय हे काम मुळीच हाती घेऊ नये. दुसरी बाब अधिक दुर्लक्षित आहे: अद्ययावत केल्यावर सेटिंग्ज अनेकदा मूळ स्थितीत जातात, साटा मोड (संगणकाने डिस्कशी जोडून घेण्याची पद्धत) ‘एएचसीआय’ऐवजी ‘रेड’ (RAID) किंवा उलट होतो आणि विंडोज निळ्या पडद्यावर अडते. अशा वेळी डिस्क बिघडली असे समजून ती फॉरमॅट करणे हा ग्राहकावर अन्यायच आहे, कारण जुना मोड पुन्हा निवडताच संगणक बहुधा पूर्ववत चालतो. तो मोड आणि बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी.

— एक वाचक, परभणी