गॉडझिलाच्या मागचा वनाधिकारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ‘गॉडझिला’ या जपानी राक्षसपटावरचा पानभर लेख वाचला. दिग्दर्शक इशिरो होंडा आले, छोट्या इमारती उभारून त्या तुडवून दाखवणारे त्सुबुराया आले, जड रबरी पोशाखात घामाघूम होणारे नाकाजिमासुद्धा आले. संगीताबद्दल मात्र ‘राक्षसाला साजेसे भडक पार्श्वसंगीत’ एवढे चार शब्द, आणि संगीतकाराचे नाव नाहीच. सिनेमावरच्या लेखांत हे नेहमीचेच, एरवी मी पान उलटले असते. पण हा माणूस आमच्या खात्याचा होता, म्हणून लिहायला बसलो.

खाते म्हणजे वनखाते. अकिरा इफुकुबे 1914 साली जपानच्या उत्तरेला, होक्काइडो बेटावरच्या कुशिरोत जन्मले. वडील ओतोफुके गावचे प्रमुख झाले, तिथे आयनू आदिवासींची गाणी आणि नाच पोराच्या कानांत-डोळ्यांत शिरले ते कायमचे. पुढे साप्पोरोच्या विद्यापीठात शिक्षण घेतले ते वनशास्त्राचे. संगीत आपले आपणच शिकले. 1935 ला पदवी, अक्केशीच्या जंगलात नोकरी. त्याच वर्षी त्यांची ‘जपानी रॅप्सडी’ ही वाद्यवृंदाची रचना पॅरिसमध्ये पहिली आली. चेरेपनिन नावाच्या रशियन संगीतकाराने जपानी रचनाकारांसाठी ठेवलेले ते बक्षीस. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये ती वाजवली गेली. साहेब जंगलात आणि चाल अमेरिकेत! आमच्याकडे एखाद्या गार्डाचा गळा भजनाला बरा निघाला, तर ‘बीटवर कधी जातोस?’ हा प्रश्न आधी यायचा.

मी बत्तीस वर्षे लाकडात काढली. डेपोत सागाच्या ओंडक्यावर हॅमर मारला की नुसत्या आवाजावरून कळते, आत भरीव आहे की पोकळ. इफुकुबे यांच्या कामातही लाकूड आणि आवाज वेगळे नव्हते. महायुद्धात जपान्यांना लाकडाची विमाने हवी होती, म्हणून लाकडाची लवचीकता आणि कंप सोसण्याची ताकद यांवर संशोधन चाले. त्यासाठी क्ष-किरण वापरावे लागत, आणि अंगावर पुरेसे संरक्षण नसे. त्यांचे थोरले बंधू इसाओ लष्करासाठी चकाकणाऱ्या रंगावर काम करत होते. किरणोत्साराने 1942 साली ते गेले. युद्ध संपता संपता इफुकुबे स्वतःही कोसळले आणि अंथरुणाला खिळले. जंगलाची नोकरी तिथेच संपली. 1946 पासून ते टोकियोच्या संगीतशाळेत शिकवू लागले, 1947 पासून सिनेमाला संगीत देऊ लागले. पहिल्याच सिनेमात बर्फावरून घसरण्याच्या मजेच्या प्रसंगाला दिग्दर्शकाला उडती चाल हवी होती. या नवख्या माणसाने एकाकी, उदास सूर दिला आणि तो मागे घ्यायला तयार झाला नाही.

आता 1954 साल घ्या. 1 मार्चला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला आणि ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवरच्या 23 जणांवर त्याची राख पडली. त्यांच्यातला रेडिओवाला सप्टेंबरमध्ये दगावला. नोव्हेंबरच्या 3 तारखेला गॉडझिला पडद्यावर आला. असल्या सिनेमाने नाव खराब होईल, असे इफुकुबे यांना सांगणारे होते. ज्याच्या घरात किरणोत्साराने एक माणूस नेला आणि जो स्वतः त्यातून उठला, त्याला हा राक्षस थट्टेचा वाटला नसणार, असे मी समजतो.

त्या गर्जनेचे म्हणाल, तर आधी प्राण्यांचे आवाज घेऊन पाहिले, जमेनात. मग डबल बास आणला. व्हायोलिनचा आजोबा म्हणावा असे हे माणसाहून उंच लाकडी वाद्य. त्याची जाड तार ढिली केली, चामड्याच्या हातमोज्याला राळ फासली आणि तो हातमोजा तारेवरून ओढला. ते ध्वनिमुद्रित करून वेग बदलला. सत्तर वर्षे जगाला घाबरवणारा आवाज तो हाच: लाकूड, तार, चामडे आणि झाडाची राळ. वनखात्याच्या माणसालाच सुचावे असे सामान.

लेखातली दुसरी गफलत सांगतो. सुरुवातीला वाजणारी ती प्रसिद्ध चाल मुळात राक्षसाची नाहीच. त्याच्याशी लढायला निघालेल्या जपानी दलांसाठी ती बांधली होती. लोकांनी ती गॉडझिलाला चिकटवली. मी ती घरच्या पेटीवर काढून पाहिली. कोमल ग, रे, सा. पुन्हा कोमल ग, रे, सा. सूर पोरालाही वाजवता येतील. ताल मात्र ठरू देत नाही: चार मात्रा मोजून पाय टेकावा, तर पुढच्या खेपेला पाच. नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही चुकताय. मी चुकत नव्हतो. मुद्दाम लंगडती ठेवलेली ती चाल आहे, आणि तिला भडक म्हणणाऱ्याने मात्रा मोजलेल्या नाहीत.

शिवाय याच सिनेमात शाळकरी मुलींनी गायलेली शांतीची प्रार्थना आहे. उद्ध्वस्त टोकियोच्या चित्रांबरोबर ती ऐकू येते आणि आपले भयंकर अस्त्र दडवून ठेवलेला शास्त्रज्ञ ते वापरायला राजी होतो. ते गाणेही इफुकुबे यांचेच.

बाकीचे थोडक्यात. अडीचशेवर सिनेमे, त्यांत 1956 चा ‘बर्मी वीणा’ आणि आंधळ्या तलवारबाजाचा 1962 चा पहिला ‘झातोइची’. वाद्यवृंद-रचनेवर हजारावर पानांचा ग्रंथ. टोकियोच्या संगीत महाविद्यालयाचे अध्यक्षपद. 1995 ला, एक्क्याऐंशीव्या वर्षी, शेवटचा गॉडझिला. 8 फेब्रुवारी 2006 ला ते वारले. 2023 च्या गॉडझिलातही त्यांचीच चाल वाजते.

त्यांचे साप्पोरोतले मित्र फुमियो हायासाका यांनी त्याच 1954 साली, गॉडझिला काढणाऱ्या त्याच तोहो कंपनीत, ‘सेव्हन सामुराई’ या सिनेमाचे संगीत केले, आणि पुढच्याच वर्षी क्षयाने एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यावर आपण कधी स्वतंत्र लिहवून घ्यावे. पत्रात ते मावणार नाहीत.

सध्या एवढीच विनंती की दुरुस्ती छापणार असाल तर नाव नीट छापावे. फुकुबे नव्हे, इफुकुबे.

आपला,
एक निवृत्त वनक्षेत्रपाल, चंद्रपूर