मनू, सूत्र लिहिण्याआधी

कोल्हापूर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फिजिक्सच्या टेस्टच्या पेपरचे फोटो काल रात्री नीट पाहिले. मार्क कमी पडले म्हणून फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. पण सूत्रं सगळी बरोबर आहेत तुझी. गडबड त्याच्या आधीच होते. उदाहरण अर्धं वाचून होतं न होतं तोच तू सूत्र लिहून आकडे घालायला लागतेस. माझ्या वर्गातल्या हुशार मुलांचंही नेमकं हेच होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

घर्षणाचंच बघ. मार्केट यार्डातला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, डोळ्यांसमोर आण, 30 किलोचा. फरशीवर ठेवलाय, स्थितिक घर्षणाचा (वस्तू हलायच्या आधीच्या घर्षणाचा) गुणांक 0.4, आणि तू त्याला 50 न्यूटनचा आडवा जोर लावतेस. घर्षण किती? तू पेपरात केलंस तसं केलं तर 0.4 गुणिले 30 गुणिले 10 (गुरुत्वत्वरण g), म्हणजे 120 न्यूटन. आता जरा थांब. पुढे 50 आणि मागे 120 असतील तर रवा उलटा तुझ्याच अंगावर चालून यायला हवा! असं कधी होतं का? 120 ही कमाल मर्यादा झाली. तिथपर्यंत तू जेवढा जोर लावशील तेवढंच घर्षण उलट लागतं. रवा जागचा हलत नाही, म्हणजे ते 50च. तेव्हा वस्तू सरकते की नाही, हे आधी ठरवायचं.

उतारावरच्या ठोकळ्यालाही तू नॉर्मल रिॲक्शन, म्हणजे पृष्ठभागाचा काटकोनात लागणारा जोर, वजनाएवढी धरलीस. आकृती काढून बाण दाखवले असतेस तर कोसाइन आपसूक दिसला असता. अख्ख्या पेपरात एकही आकृती नाही, मनू.

दगडाच्या उदाहरणात तर मला फार हळहळ वाटली. पुलावरून 15 मीटर प्रतिसेकंद वेगानं दगड सरळ वर फेकला, पाणी 20 मीटर खाली. (आपल्या शिवाजी पुलाची खरी उंची सोड, हिशेबाला एवढी धर.) तू विस्थापन अधिक 20 घेतलंस. मग वर्गमुळाखाली उणे 7 आले. तू ते उणे खोडलंस आणि 2.8 सेकंद उत्तर लिहून मोकळी झालीस. अगं, ते उणे तुला सांगत होतं की हा दगड वर 20 मीटरपर्यंत पोचूच शकत नाही. तो जेमतेम 11.25 मीटर वर जातो. वरची दिशा धन धरलीस तर पाणी उणे 20 वर आहे. तसं मांडलं की उत्तर येतं बरोबर 4 सेकंद. गणित असं अडलं की खोडायचं नाही, पहिल्या ओळीपर्यंत मागे जायचं.

एककांचं थोडक्यात. तारेचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमधून चौरस मीटरमध्ये नेताना तू हजारानं भागलंस, भागायचं दहा लाखानं. शिवाय दिलेला होता व्यास, तू तो त्रिज्या म्हणून वापरलास. 1999 साली नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान असंच हातचं गेलं. एका सॉफ्टवेअरनं आकडे पाउंड-सेकंदात दिले, दुसऱ्यानं ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. सुमारे 4.45 पटीचा फरक पडत गेला. म्हणून एकक प्रत्येक ओळीत लिहीत जा, नुसतं उत्तरापाशी नको.

सरासरी वेगाचं गणितही पुन्हा कर. कोल्हापूर-पुणे 240 किलोमीटर धर. जाताना 60 चा वेग, येताना 40 चा. तू 50 लिहिलंस. पण जायला 4 तास, यायला 6, एकूण 480 किलोमीटर 10 तासांत, म्हणजे 48. हळू जाताना वेळ जास्त लागतो, म्हणून मधला आकडा चालत नाही.

पुढच्या टेस्टचे फोटो पाठवशील तेव्हा रफ कामाची पानंही पाठव, कितीही खाडाखोड असली तरी. तुझी गाडी कुठं घसरते ते मला तिथंच दिसतं. शनिवारी संध्याकाळी फोन कर, उतारावरचं उदाहरण आकृती काढून पुन्हा सोडवू. आईनं पार्सलात चटणी आणि लाडू पाठवलेत, मिळाले की कळव.

तुझे
बाबा