डोंगरासाठी घोडा घेताना खूर बघा

संपादक महोदय,

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. गिऱ्हाईक रंग बघतं, भोवरे बघतं, दातांवरून वय ठरवतं. वरातीच्या घोड्याला तेवढं पुरतं. म्हैसमाळच्या किंवा बालाघाटाच्या पठारावर हिंडायला घोडा हवा असेल तर आधी चारही खूर उचलून बघावेत. भेग असेल किंवा तळव्याला सडका वास येत असेल तर सौदा सोडावा. आपल्याकडचा काळा पाषाण आणि मुरूम बिननालाचा खूर वाढीपेक्षा लवकर झिजवतो. नाल असले तरी साधारण सहा आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो. सैल झालेला नाल खडकावर खळखळ वाजतो, त्याकडे कान ठेवावा.

दुसरी गोष्ट वजनाची. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० केलं की अंदाजे किलो मिळतात. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन ३२३ किलो. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे ६५ किलो, ही ओझ्याची मर्यादा धरावी. त्यात ८ किलोंचं खोगीर आलं, म्हणजे स्वार ५७ किलोंचा. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पायीच चालावं, हे यातून उघड आहे!

चढावर खोगीर मागे सरकतं, म्हणून छातीवर पेशबंद हवा. उतारावर ते पुढे येतं, त्याला शेपटीखालची दुमची आवरते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवतो. त्यामुळे दहा मिनिटं चालवून तो पुन्हा आवळावा, मात्र दोन बोटं आत जायला हवीत. या दुरुस्त्या टाळल्या की पाठ सोलते आणि घोडा महिनाभर खुंट्याला राहतो.

तीव्र उतारावर खाली उतरून घोडा हाती धरून चालावं. जोडा लहान टाचेचा आणि खाचांच्या तळाचा असावा. टाच नसेल तर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला माणूस फरपटतो. तळ गुळगुळीत असेल तर चालताना मुरमावर पाय निसटतो. वेताळवाडी, सुतोंडा हे किल्ले मात्र पायीच करावेत. गौताळा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय घोडा नेऊ नये.

पावसाळ्यानंतर कुसळं पिकतात. ती घोड्याच्या तोंडात रुतून जखमा होतात, माणसाच्या मोज्यांत घुसतात ते वेगळंच. फाल्गुनात ओढे आटतात आणि घोड्याला दिवसाला तीसेक लिटर पाणी लागतं. तेव्हा वाट पाणवठा बघून ठरवावी, देखावा बघून नव्हे. यात्रेतून आणलेला घोडा पंधरवडाभर वेगळा बांधावा. मग तीन-चार आठवडे सपाटीवर चालवून त्याचा दम वाढवावा, त्यानंतरच चढ.

माळेगाव यात्रेत नांदेड जिल्हा परिषदेने पशुवैद्यकाबरोबर एक नालबंद आणि मोजपट्टी घेतलेला माणूस बसवावा, ही विनंती. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा दाखला आणि वजन सौद्याआधी कळलं तर घेणाऱ्याची फसगत टळेल.

— एक वाचक, कन्नड