औषधाला सूट आहे, पैशाला नाही

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमचे तिकडचे काँग्रेसमन, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतले खासदार, सभेत म्हणाले की इराणसारख्या देशांवर अमेरिकेने लादलेल्या निर्बंधांतून अन्न-औषधांना सूट असते, त्यामुळे सामान्य माणसाला झळ बसत नाही, आणि तुला ते पटलं. मला हे वाक्य ऐकवत नाही रे. एक्स्पोर्टच्या टेबलावर बसून मी ही सूट फार जवळून बघितली आहे.

मागे तेहरानच्या एका वितरकाची साध्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांची ऑर्डर होती. माल तयार, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बॅचचे रिपोर्ट सगळं फाईलला. औषध सुटीत बसतं, याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. बँकेने मात्र पैसे स्वीकारायलाच नकार दिला. "नियमात बसतंय हो, पण वरून सांगितलंय, इराण नको," मॅनेजर म्हणाले. खोकी पिरंगुटच्या गोदामात पडून राहिली. गोळ्यांवर एक्सपायरी छापलेली असते, ती काही थांबत नाही.

बँकेची भीती खोटी नाही. निर्बंध मोडले म्हणून अमेरिकेने २०१४ साली बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेकडून जवळजवळ ९०० कोटी डॉलर वसूल केले. आमच्यासारख्या ऑर्डरवर सुटणाऱ्या कमिशनसाठी कोण एवढी जोखीम घेईल? कायदा औषध अडवत नाही, पण पैसे, जहाज, विमा यांच्या वाटेत दहशत बसवतो.

कोंढव्यात राहणारा आपला इराणी वर्गमित्र आठवतो ना? बँकेतून पैसे येत नसत, म्हणून त्याची फीसुद्धा गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी खिशातून रोख यायची.

आणि नेत्यांना हे माहीत नाही, असं म्हणू नकोस. ३ ऑक्टोबर २०१८ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने औषधं आणि अन्न यांच्या आड येणारे अडथळे काढा, असा आदेश अमेरिकेला दिला. त्याच दिवशी अमेरिकेने इराणबरोबरचा १९५५ चा मैत्री करारच संपवत असल्याचं जाहीर केलं. साध्या घासण्यानेही त्वचेला फोड येतात असा एक आजार आहे, तो झालेल्या इराणमधल्या मुलांसाठी लागणाऱ्या खास पट्ट्या पाठवणं एका स्वीडिश कंपनीने बंद केलं. पट्टीवर बंदी नव्हती! सीरियाचं बघ. ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला आणि तीन दिवसांनी अमेरिकेच्या अर्थखात्याने मदतीसाठी १८० दिवसांचा वेगळा परवाना काढला. वाट आधीपासून मोकळी होती, तर हा परवाना कशाला लागला?

इराकवर निर्बंध लादणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या ठरावातही औषधांना सूट होतीच. तरी निर्बंधांवर देखरेख करणाऱ्या समितीतल्या एका देशाने हरकत घेतली की माल अडायचा. तिथलं संयुक्त राष्ट्रांचं मदतकार्य सांभाळणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतर आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये राजीनामा दिला. दोघांनीही निर्बंधांविरुद्ध उघड आवाज उठवला. तिथल्या राजवटीनेही लोकांच्या तोंडचा घास पळवला, हे मला मान्य आहे. पण म्हणून आजारी पोराच्या औषधाची जबाबदारी निर्बंध लादणाऱ्याच्या डोक्यावरून उतरत नाही.

पुढच्या सभेला जाशील तेव्हा माझ्यासाठी त्यांना एकच विचार: तेहरानच्या औषधविक्रेत्याचे पैसे कोणत्या बँकेतून पाठवायचे? नाव सांगा म्हणावं. सांगितलं तर मला लगेच कळव, माझ्याकडे अशा ऑर्डरी आहेत.

तुझा,
संजय